स्वयंपाकघरातल्या चपला

डॉ. उषाताईंची आणि माझी पहिली भेट आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात झाली. मी नर्स म्हणून नुकतीच रुजू होत होते. नाव-गाव विचारायच्या आधीच बाईंनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही चवड्यावर का चालता?" घरात दोन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते त्यांनी दहा पावलांत ओळखलं.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी टाचदुखीवर लिहिणार म्हटल्यावर संपादकांपैकी एकांनी नाक मुरडलं. बाळंतपणं, साथी, एवढं मोठं काम सोडून टाच? मी त्यांना सांगितलं, तुम्हाला सकाळी आयता चहा मिळतो, म्हणून टाच लहान वाटते. माझी तर त्या टाचेपायी नोकरी जायची वेळ आली होती.

लसीकरणासाठी गावोगाव चालणं हेच माझं काम, आणि सकाळी पहिलं पाऊल टेकवताना डोळ्यांत पाणी यायचं. रुईच्या पानाचा शेक झाला, बिब्बा घालून कातडी भाजून झाली. 'हाड वाढलंय' असं कुणीतरी म्हणाल्यावर मी हात टेकले आणि राजीनामा लिहिला. बाईंनी तो वाचून टेबलाच्या खणात टाकला. म्हणाल्या, "तीन महिन्यांनी बघू."

मग त्यांनी मला समजावलं. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाखाली एक जाड पट्टा असतो. कडक फरशीवर तासन्‌तास अनवाणी उभं राहून तो ताणला जातो, रात्री आखडतो आणि सकाळी पहिल्याच पावलाला ठणकतो. एक्स-रेत दिसणारं वाढलेलं हाड कित्येकांना असतं, त्यांचं काही दुखत नाही. भिंतीला हात टेकून रोज पोटऱ्या ताणायच्या, मऊ टाचेची चप्पल घालायची, घरातसुद्धा, आणि धीर धरायचा. इंजेक्शनासाठी हटून बसणाऱ्यांनाही बाई आधी हेच करायला लावत. लोक रागावून निघून जात, बाई मात्र ढळत नसत.

'घरातसुद्धा' या शब्दापाशी माझं गाडं अडलं. आमच्याकडे चप्पल उंबऱ्याबाहेर. पोटऱ्या मी ताणत होते, पण ओट्यापुढे अनवाणीच उभी होते. हे कळल्यावर एका रविवारी बाई थेट घरी आल्या.

सासूबाईंनी सुनावलं, "सैपाकघरात चपला? आमच्या घरात न्हाई चालायचं. तुमची डॉक्टरकी दवाखान्यात."

"मग टाचेलाबी सांगा, दवाखान्यातच दुख म्हणून," बाई म्हणाल्या.

सासूबाई चहा ठेवायला उठल्या, तेव्हा त्यांनी दाराची चौकट धरली. बाईंनी बरोबर हेरलं. "मावशी, चौकट काहून धरता?"

सासूबाईंनी चौकटीवरचा हात काढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "लई वर्सं दुखून राहिलं, बाई. सांगून काय व्हणार व्हतं? आमच्या सासूनं चपला घालू देल्या असत्या व्हय?"

मला भयंकर राग आला. जे दुखणं त्या स्वतः सोसत होत्या, तेच मला सोसायला लावत होत्या. बाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्यासाठी आणलेला कोऱ्या चपलांचा जोड पिशवीतून काढला, खाली बसल्या आणि स्वतःच्या हातांनी सासूबाईंच्या पायांत घातला.

"देव्हाऱ्यापुढं काढा, तिथं तुमी दोन मिनिटं उभ्या राहता. ओट्यापुढं काढायच्या न्हाईत, तिथं जन्म जातो."

दुसरा जोड आणायला आम्ही सासू-सुना मिळूनच बाजारात गेलो. गल्लीत कुजबुज झाली. होऊ दे. बरं वाटायला तीन नव्हे, पाच महिने लागले, पण मी आजही गावोगाव चालते आहे. राजीनामा बाईंनी परत दिला नाही, मीही मागितला नाही.

बाईंना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी त्यांचं पहिलं पाऊल न दुखता जमिनीवर पडो. सत्काराच्या दिवशी दिवा लावताना आम्ही चपला काढू, दोन मिनिटं. त्यानंतरच्या लांबलचक भाषणांना बाई व्यासपीठावर चपला घालूनच उभ्या राहतील. ज्यांची हरकत असेल, त्यांनी खुशाल पहिल्या रांगेत येऊन सांगावं. तिथे माझ्या सासूबाई बसलेल्या असतील, पायांत चपला घालून.