दुसऱ्याने वाढलेलं ताट

गेल्या वर्षी माझ्या नणंदेने सेल्फ-केअरचा ऑनलाइन कोर्स केला आणि आमच्या घरात विश्रांतीचे वारे वाहू लागले. दिवाळीच्या आठवड्यात ती पुण्याहून घरच्या ग्रुपवर रोज सकाळी उपदेश टाकायची. स्वतःला वेळ द्या. स्वतःचे लाड करा. नाही म्हणायला शिका. मी एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन ते वाचायची, खाली हात जोडलेलं चित्र टाकायची आणि चकल्यांचा पुढचा घाणा सोडायची.

पाडव्याला ती गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटवर आली. हे तिचं माहेर. बरोबर योगाची चटई, वासाच्या मेणबत्त्या आणि चेहऱ्याला लावायचा कसला तरी हिरवा लेप. तो थापून ती बाल्कनीतल्या झोपाळ्यावर बसली आणि मला म्हणाली की वहिनी, तू स्वतःकडे बघतच नाहीस. लेप वाळेपर्यंत तोंड हलवायचं नसतं, म्हणून हे ती दातांतल्या दातांत म्हणाली. मग तशाच तोंडाने चिवडा मागितला, शेंगदाणे जास्त घालून. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले होते. झोपाळ्यावरून हाकणारी ही पहिलीच.

माझे मिस्टर म्हणाले की ती बरोबर बोलतेय, तू खरंच आराम कर. असं म्हणून त्यांनी आपली रिकामी वाटी माझ्या हातात दिली.

मला राग आला. पण खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मला पटलं होतं आणि राग त्याचाच जास्त होता. लग्न झाल्यापासून मी एकदाही भाऊबीजेला माहेरी गेले नव्हते. नणंद येणार, म्हणजे मी घरात हवी. भाऊच दिंडोरीहून मोटरसायकलवर यायचा, ओवाळून घ्यायचा आणि बागेचं काम आहे म्हणत तासाभरात परत जायचा. मला काही फार नको होतं. एका दुपारी दुसऱ्या कुणी वाढलेलं गरम ताट हवं होतं. पुरणपोळी, काळ्या मसाल्याची आमटी, आणि मग सतरंजीवर अशी झोप की मधेच कुणी येऊन मीठ कुठे ठेवलंय असं विचारणार नाही.

तेव्हा मीही नाही म्हणायला शिकले. भावाला फोन केला, तो ये म्हणाला, आणि जेवताना सांगून टाकलं की उद्या मी दिंडोरीला जाणार, संध्याकाळी येईन.

"उद्या?" नणंद म्हणाली. "अगं, उद्या भाऊबीज आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं.

मग तिने मला समजावलं की स्वतःसाठी वेळ जरूर काढावा, पण घरातल्या सगळ्यांची सोय बघून काढावा. हे बहुधा कोर्सच्या शेवटच्या धड्यात असावं, कारण ग्रुपवर काही आलं नव्हतं.

सकाळी मी कणीक न मळता स्कूटी बाहेर काढली. दिंडोरीपर्यंत मला कुणीही हाक मारली नाही, आणि तेवढ्यानेच निम्मी विश्रांती झाली.

भावाचं घर द्राक्षबागेला लागूनच आहे. तो फवारणीचे कपडे घालून ओट्यावर बसला होता आणि चहात बुडवून खारी खात होता. आत पाहिलं तर स्वयंपाकघर थंडगार. वहिनी कुठे आहेत असं विचारल्यावर तो डोकं खाजवायला लागला.

"ती सटाण्याला गेली ना, तिच्या भावाकडं. लय वर्षं गेली नाय, म्हनली. मी कसं नाय म्हनू?"

मग मला कशाला ये म्हणालास, असं मी विचारलं.

"तुला तरी कसं नाय म्हनू?"

माझा भाऊ हा असा शांत माणूस. दोघींनाही हो म्हणून मोकळा झाला होता, आणि आता ढग आलेत म्हणून बागेवर औषध मारायला निघाला होता.

मी आगीतून निघून फुफाट्यात पडले होते. त्याहून वाईट म्हणजे माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की या बाईला जायला नेमकी भाऊबीजच सापडली का. माझी नणंद माझ्या डोक्यात शिरून बोलत होती आणि मला ते पटतही होतं.

पण भुकेपुढे राग किती टिकणार? मी ओढणी खोचली, एकेक डबा उघडून डाळ शोधली आणि कुकर लावला. मीठ कुठे ठेवलंय, हे शेवटी मीच ओरडून विचारलं. भावाला ते माहीत नव्हतं. बागेतून आल्यावर त्याने हातपाय धुतले, मी त्याला ओवाळलं, आणि दोघांची ताटं वाढत होते तेवढ्यात वहिनींचा फोन आला. त्याने त्यांना तेव्हा कुठे कळवलं होतं.

"ताई, तुम्ही येनार हे मला म्हाईतच नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज रडवेला होता. "मी निघते आता. दुपारची येष्टी सापडंल."

मला पुष्कळ बोलायचं होतं आणि ते जिभेवर आलंही होतं. दर दिवाळीत छाटलेल्या बागेच्या आणि मजुरांच्या स्वयंपाकाच्या पायी ही बाई अडकलेली असते, हे मला माहीत होतं. तरीही बोलायचं होतं. पण वहिनींच्या तोंडात घास होता. बोलताना त्या तो घाईघाईने गिळत होत्या आणि मागून कुणीतरी त्यांना आणखी एक पोळी घ्या म्हणत होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "पोळी घ्या. आणि उद्यापर्यंत तिथून हलू नका."

त्या रडायला लागल्या. मलाही रडू आलं, आणि त्यात माझं ताट गार झालं. फोन ठेवता ठेवता ती मागची बाई वहिनींना म्हणाली की तुम्ही उठू नका, मी आणते. ती त्यांच्या भावाची बायको. तिचं माहेर कुठलं, ते मी विचारलं नाही.