रिकामा रकाना

आमच्या घरी शाळेच्या पुस्तकांना पत्रकांची कव्हरं असायची. वडील मोर्च्यांची पत्रकं लिहायचे आणि उरलेले गठ्ठे घरी यायचे. त्यामुळे भूगोलावर 'जाहीर निषेध' आणि गणितावर 'आता माघार नाही'. मी वाचायला तिथंच शिकले. पुढे जालन्यात एका बियाणे कंपनीत कॉम्प्युटरवर बसायची नोकरी लागली, तेव्हा वाटलं, ते सगळं मागे पडलं.

कंपनीनं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. बियाणं निवडणाऱ्या बायकांची माहिती फाइलमधून त्यात चढवायची, की प्रत्येकीचं गेटचं कार्ड निघणार. सोमवारपासून कार्ड नसेल तर काम नाही. आणि फाइल चढत नव्हती. एक ओळ चुकली तरी अख्खी फाइल परत येत होती.

पहिला दोष लवकर सापडला. पत्ते आपण लिहितो तसेच लिहिलेले, 'मस्तगड, जुना जालना'. स्वल्पविराम दिसला की सॉफ्टवेअरला वाटे, रकाना संपला. मग जुना जालना फोन नंबरच्या जागी जाऊन बसे. स्वल्पविराम काढले. तरी एक ओळ अडलीच. एका बाईचं मधलं नाव रिकामं होतं.

ती बदनापूरहून यायची. शेडमध्ये जाऊन विचारलं, तर हात न थांबवता म्हणाली, "नवरा सोडला तवाच त्याचं नाव त्याच्या घरी ठेवून आल्ते. इथं कशाला आणू?"

वडिलांचं घालू का, म्हटलं. तर तिला पुन्हापुन्हा सासरी नेऊन सोडणारे तेच होते.

"रिकामं हाय ते रिकामंच राहू दे, पोरी."

साहेब म्हणाले, रेघ मारा. मारली, पण सॉफ्टवेअरला तिथं अक्षरंच हवी होती. मग त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि रकान्यात 'नाही' असं लिहिलं. स्क्रीनवर कार्डाचा नमुना आला. आधी तिचं नाव, मग नाही, मग आडनाव. ऑफिसात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, बाई हजर असून नाही.

मी ते पुसलं. 'नाही' हा माझ्या ओळखीचा शब्द. तो बाईनं म्हणायचा असतो, बाईवर छापायचा नसतो.

"मॅडम, क्रांती नंतर करा," साहेब म्हणाले. "नाव सॉफ्टवेअर मागतंय, मी नाही."

"सॉफ्टवेअर काही मागत नसतं, साहेब. या रकान्यापुढं 'अनिवार्य'ची खूण कुणीतरी माणसानंच केलीय. ती तुमच्या लॉगिनमधून निघते. काढा."

वरून विचारणा झाली तर उत्तर कोण देणार, असं त्यांनी विचारलं. मी देईन, म्हटलं, आणि लेखी देईन. पण 'नाही' लिहिलेली फाइल मी चढवणार नाही, दुसऱ्या कुणाला बसवा. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मघाशी हसणारे सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये शिरले. साहेबांनी लॉगिन केलं आणि माझ्याकडे न बघता खूण काढली. फाइल पहिल्याच झटक्यात चढली.

सोमवारी मी गेटवर मुद्दाम थांबले. वॉचमननं तिचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि मधलं नाव विचारलं.

"मशीनला लागंना," ती म्हणाली, "तुला कशाला पायजे?"

कार्ड त्याच्या हातातून काढून घेऊन ती आत गेली.