लिंबाजीला मिळालेली पुढची तारीख

एखाद्या माणसाची वाट किती काळ पाहावी? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. हा लेख लिहायला घेतला तेव्हा व्यंकटराव वकीलसाहेबांनाच मी तो विचारून पाहिला. ते म्हणाले, "ते समजलं असतं तर मी मुन्सफ झालो असतो, बाई. वकील कशाला राहिलो असतो?" त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या वकिलीविषयी आणि वाचनालयाविषयी जाणती मंडळी लिहितीलच. मी माझ्या भावाची, लिंबाजीदादाची हकीकत सांगणार आहे. तिच्यात मला वकीलसाहेबांचे जे दर्शन घडले, तसे पुन्हा कोणाचे घडलेले नाही.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिले ते हिंगोलीच्या जुन्या छावणीच्या मैदानावर. मी तेव्हा दहा वर्षांची होते. अंगात शेरवानी आणि पायात खेळाचे बूट अशा वेशातले एक गृहस्थ उकिडवे बसून जमिनीवरचे खडे वेचत होते. मला वाटले, मैदान झाडणारे कोणी असतील. दादा हळूच म्हणाला, "ते आमच्या हॉकीच्या संघाचे कप्तान. गोलात उभे राहतात." खड्यावरून चेंडू उसळून कोणाचा दात पडू नये म्हणून कोर्ट सुटताच ते सर्वांच्या आधी तिथे येत. पन्नाशीला टेकलेला माणूस गोल राखतो याचे मला हसू आले होते. ते फार दिवस टिकले नाही.

दादा हिंगोलीचा नव्हता. आमचे गाव पूर्णेकाठी, सिद्धेश्वराकडे. तो परभणीच्या संघातून हॉकी खेळे. हिंगोलीचा लाडका खेळाडू याकूब लग्नानंतर सासुरवाडीला, परभणीला राहायला निघाला. एका गावाने दुसऱ्याचा गडी घेतला तर बदल्यात आपला एक द्यायचा, अशी तेव्हा या दोन संघांत रीत होती. वकीलसाहेबांनी दादाला मागून घेतले. संघाचा खर्च चालवणाऱ्या शेठजींच्या कापसाच्या जिनिंगमध्ये दादाला काम लागले, राहायला खोली मिळाली, आणि आमच्या घरात तोवर कोणी न पाहिलेली शाळा मला मिळाली. पण दादाचा खेळ चालला तर काम, काम असले तर खोली, आणि खोली असली तर माझी शाळा, असे ते सगळे एकाला एक बांधलेले होते. दहा वर्षांच्या मुलीलाही ते कळत होते.

आणि दादाचा खेळ चालेना. परभणीचे मैदान काळ्या मातीचे. तिथे चेंडू दमाने येई. इथल्या कडक मुरमावर दादाची काठी खाली येईपर्यंत तो निघून गेलेला असे. हिंगोलीकरांनी त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी त्याला मायेने शिकवायला घेतले. न्हावी हजामत करता करता मनगट कसे फिरवावे ते सांगे. मागच्या फळीतले धिप्पाड रहीमभाई ओरडत, "झुक के खेल रे, झुक के!" टांगेवाला टांगा उभा करून म्हणे, "वाकू नको रं लेकरा, कंबर धरंल!" एका सामन्यात दादा दोघांचेही ऐकायला गेला. धड वाकला नाही, धड उभा राहिला नाही, आणि चेंडू त्याच्या दोन पायांमधून निघून गेला.

त्या संध्याकाळी वकीलसाहेबांनी सगळ्यांना जवळ बोलावले. "उद्यापासून लिंबाजीला जे सांगायचं ते मला येऊन सांगा. त्याचा वकील मी हाय. परभारे त्याच्याशी कोणी खेळाचं बोलायचं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओसरीवर सल्लागारांची रीघ लागली. प्रत्येकाला चहा मिळे, प्रत्येकाचे म्हणणे ते मान हलवून ऐकत. रहीमभाईंना संशय आला. "वकीलसाब, आप उसको बोलते भी हैं क्या?"

"सुन तो बराबर रहा हूँ ना, रहीमभाई?"

दादापर्यंत त्यातला एक शब्द पोहोचला नाही. गावाला आपली माया कुठेतरी नेऊन ठेवायची होती. तिला त्यांनी आपली ओसरी दिली.

तरीही हार होतच राहिली. एके दिवशी सामना संपताच शेठजी सर्वांदेखत म्हणाले, "याकूब देऊन हे काय आणलं? परत धाडा त्याला."

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "चोराला बी कोर्टात पुढची तारीख भेटते, शेठजी. ह्या लेकराला तुमी पहिल्याच पेशीत सजा देऊन राहिले."

"आन पुढच्या तारखेला काय व्हईल?"

"ते मला माहीत न्हाई."

लोक हसले. मी मात्र भ्याले. आपला सगळा भार ज्यांच्यावर, त्यांनाच पुढचे माहीत नाही, आणि तरी ते मागे सरत नाहीत! असे माणूस मी तोवर पाहिले नव्हते.

चार दिवसांनी दादाने वळकटी बांधली. मी पाटी पोटाशी धरून कोपऱ्यात बसले होते. इतक्यात दारात वकीलसाहेब उभे राहिले.

"काहून रे, गावाकडं निघाला?"

"मले परत धाडा, साहेब. लोकं तोंडावर काही बोलत न्हाईत, पर मले समजतं. मी काही याकूब न्हाई."

"याकूब पाहिजे असता तर मी परभणीला गेलो असतो. तू त्याच्या जागेवर आला, त्याचं काम करायला न्हाई." मग ते माझ्याकडे वळले. "पोरी, तुझी शाळा चालू राहील. काल शेठजींशी बोलणं झालं. लिंबाजीचं काम आता खेळाशी बांधलेलं न्हाई. खेळो, न खेळो, काम हाय."

दादा वळकटीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. वकीलसाहेबांनी मला पाण्याचा तांब्या आणायला सांगितला आणि पाणी येईपर्यंत ते दाराबाहेर, पाठ करून उभे राहिले.

पुढे काय झाले ते हिंगोलीला ठाऊक आहे. पण ते लगेच झाले नाही. थंडी सरत आली तेव्हा, सरावाच्या एका साध्या खेळात, लांबून आलेला चेंडू दादाने काठीवर असा झेलला की जणू तो तिथेच यायचा होता. रहीमभाईंनी आपली काठी टाकून दिली आणि ओरडले, "आ गया! लिंबाजी आ गया!" त्यानंतर कित्येक वर्षे परभणीकर आमच्याकडे पाहून हळहळत राहिले.

त्याच हंगामात वकीलसाहेबांनी कप्तानी सोडली होती आणि शेठजींचा पुतण्या कप्तान झाला होता. वयामुळे सोडली असेल, असे सगळ्यांना वाटले. खरे काय ते या वर्षी रहीमभाईंनी मला सांगितले. दादाचे काम खेळापासून सोडवून घेताना शेठजींनी बदल्यात कप्तानी मागितली, आणि वकीलसाहेबांनी ती उभ्या उभ्या देऊन टाकली. ज्या माणसाने तो संघ उभा केला, तो एका कोवळ्या पोराच्या हुकुमाखाली गोलात उभा राहिला. "लेफ्टला सरका, वकीलसाहेब," असे तो पोर म्हणे, आणि ते सरकत. दादाला हे त्यांनी कधी कळू दिले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, "गड्याच्या बदल्यात गडी द्यायची रीतच हाय की."

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्या पदवीखाली कोणाची सोडलेली जागा आहे हे मला आता कळले आहे, आणि ते पेलण्याइतकी मी मोठी झालेली नाही.

वकीलसाहेबांना कसलीही तकलीफ न होता शंभरी पाहायला मिळो, त्यांच्या ओसरीवरची वर्दळ तशीच राहो, आणि आमच्या पुढच्या पिढीलाही त्यांच्याकडून "मला माहीत न्हाई" हे ऐकायचे भाग्य लाभो.

मला हैदराबादेत एका शाळेत जागा मिळत होती. ती नाकारून जूनपासून मी औंढ्याला मुलींचा वर्ग चालवते. सुगीत मुली येत नाहीत. परत येतात तेव्हा मागचे विसरलेल्या असतात. अजून एकीलाही सलग ओळ वाचता येत नाही. वर्ग बंद करावा, असे गावातल्या कर्त्या मंडळींनी सुचवले होते. काल त्यांच्या बैठकीत जाऊन मी सांगून आले की वर्ग चालू राहील. कधीपर्यंत, असे त्यांनी विचारले. मला माहीत नाही, असे मी म्हणाले, आणि तिथूनच वर्गावर गेले.