अक्का उतरली, घंगाळ राहिलं

वसुबारस. खामगावच्या एका दुकानात माझ्या मोटारीसाठी सतरा इंची चाकांचा संच पसंत केला. जबाबदार: दुकानदार; कारण ‘बसते ना साहेब’ असे तोंडी आश्वासन त्याने दिले.

दिवाळीचा पाडवा. संच गाडीवर चढला. जबाबदार: पुन्हा दुकानदार, शिवाय माझा धाकटा भाऊ, कारण त्याने त्याच महिन्यात उंच, नवी गाडी घेतली नसती तर माझ्या गाडीची चाके मला लहान दिसली नसती.

तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त, त्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. मेहकरहून खामगावला जाताना वाटेतल्या एका फाट्यावर माझी थोरली बहीण माझ्या गाडीतून उतरली. जबाबदार: रस्ते सांभाळणारे खाते.

ही यादी मी दुकानदाराला पाठवली, टायरच्या कंपनीला पाठवली, खात्यालाही पाठवली. खात्याकडून पोच आली. बाकी दोघांनी तेवढेही सौजन्य दाखवले नाही. माझी उभी नोकरी तालुक्याच्या कोर्टात, कारकुनीत गेली. अर्जात काय लिहावे हे मला कळते, आणि काय वगळले की अर्ज भक्कम दिसतो हेही कळते. या यादीत एक नाव वगळलेले आहे. आज ते लिहितो आहे, आणि लिहिताना राग येतो आहे; कुणाचा, ते पुढे येईलच.

प्रथम चाकाविषयी, कारण सगळे तिथून सुरू झाले. माझ्या गाडीला कंपनीने पंधरा इंची चाके दिली होती. चाक मोठे करायला हरकत नसते. पण आतली लोखंडी किंवा अलॉयची रिम जेवढी वाढेल, तेवढी बाहेरच्या टायरची जाडी कमी करावी लागते, म्हणजे चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते. सारा हिशेब एवढाच आहे. दुकानदाराने सतरा इंची रिमवर पातळ टायर काढून दाखवला. मी त्याच्यावर कडाडलो, “हा टायर मेहकरच्या रस्त्यावर पहिल्या खड्ड्यात फुटेल. रस्ते तुम्ही पाहिले नाहीत का?” त्याने निमूटपणे पातळ टायर आत ठेवला आणि जाड बाहेर काढला. मी विचारले, “हा बसतो का?” तो म्हणाला, “बसते ना साहेब.” गिऱ्हाईक चिडले की दुकानदार काय म्हणणार?

मी मात्र अडाण्यासारखा विश्वास ठेवला नाही. घरी आल्यावर कायद्याच्या बाजूने तपासणी केली. चाक मडगार्डच्या बाहेर येता कामा नये, एवढे मला माहीत होते. गवंड्याचा ओळंबा आणून चारही मडगार्डांवरून दोरी सोडली. दोरी सरळ खाली गेली. टायरला कुठे शिवली नाही. मी पत्नीला हाक मारून दाखवले. ती म्हणाली, “छान दिसते. पण उंच झाली. बाईंले चढता येईन का?” बाई म्हणजे माझी थोरली बहीण, आमची अक्का. मी म्हणालो, “पायरीसारखा दगड ठेवू.”

ती तपासणी माझ्या अंगणात, रिकाम्या गाडीवर झाली. आमच्या जिल्ह्यात मोटार रिकामी कधी जाते? दवाखान्याला निघालो तरी शेजारचे दोघे ‘तेवढं खामगावपर्यंत येऊ द्या’ म्हणून बसतात, आणि लग्नाला निघालो तर माणसांच्या मांडीवर माणसे असतात. हे मला ठाऊक नव्हते असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

लग्न धाकट्या भावाच्या मुलाचे. आमच्या घरात नवरदेवाला पहिली हळद थोरली आत्या लावते. दुसऱ्या कुणाचा हात आधी लागत नाही. अक्का तिच्या गावाहून, हिवरा आश्रमाहून, आदल्या दिवशीच माझ्याकडे मुक्कामाला आली होती. सकाळी दगडावर पाय ठेवून ती मागे चढली. एका बाजूला माझी सून, दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ, मधे अक्का. पुढे पत्नी. डिक्कीत लाडवांचे डबे आणि आहेराचे तांब्याचे भलेमोठे घंगाळ.

गाव सुटले आणि पहिल्याच खराब पट्ट्यात मागून आवाज आला. खर्रर्र. मग रबर जळल्याचा वास. फाट्यावर चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवून खाली वाकलो. मागचे टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासत होते. रबरावर चकचकीत चर पडला होता. तसेच दामटले असते तर टायर वाटेत फाटला असता. थांबणे योग्य होते, एवढे मी आजही ठामपणे म्हणतो.

त्यानंतर मी जे केले ते योग्य नव्हते.

मला पुरावा हवा होता. टपरीपुढेच गतिरोधक होता. मी सर्वांना सांगितले, एकेकाने उतरायचे, मी गाडी गतिरोधकावरून नेतो, कोणाच्या उतरण्याने आवाज थांबतो ते पाहू. सून उतरली, गाडी घासली. ती बसली, चुलतभाऊ उतरला, घासली. टपरीवरची माणसे चहा हातात घेऊन बाकावरून उठून कडेला आली. मग अक्का उतरली, आणि गाडी गतिरोधकावरून लोण्यासारखी गेली.

“वा रे वा!” बाकावरचा एक जण ओरडला. “बुवा, गाडी बरोबर वजन सांगते हो!”

दुसरा म्हणाला, “काटा कायले पाहिजे मंग? बाजार समितीले देऊन टाका!”

सगळे हसले. अक्काही हसली. पदर सावरत म्हणाली, “बरं बाप्पा, म्हंजे ते खर्रर्र मीच होते का!”

चुलतभाऊ म्हणाला, “मी उतरतो ना, एस्टीनं येतो. अक्काले हळद लावाची हाय.”

मी म्हणालो, “तुझ्या उतरण्याने आवाज थांबला नाही. आत्ताच सिद्ध झालं.” हेच शब्द. सिद्ध झालं.

“मंग ते घंगाळ उतरवा,” अक्का म्हणाली. “टपरीवाल्याकडे ठेवून दे, बाबू. संध्याकाळी कोणीबी घेऊन जाईन.”

यावर मी जे उत्तर दिले ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, “माल बेवारस ठेवता येत नाही, अक्का. माणूस एस्टीने येऊ शकतो.” घंगाळ आणि चुलतभाऊ दोघेही उतरले असते तर अक्का बसून गेली असती का, हे मी तपासलेसुद्धा नाही. तपासणी माझ्या सोयीच्या जागी संपली.

तिने पिशवी घेतली. पत्नी दार उघडून उतरू लागली, तर अक्कानेच तिला आत ढकलले: “तू जाय वं. तिथं पाहुणे आले असतीन. मी येतेच मागून.” मी गाडी सुरू केली. आरशात ती टपरीच्या बाकाच्या टोकाला बसलेली दिसली, आणि ज्याने काट्याचा विनोद केला होता तोच तिला चहा देत होता.

मग पत्नी समोर रस्त्याकडे पाहत म्हणाली, “घंगाळ राह्यलं. अन् बाई उतरल्या.”

एस्टी लवकर आली नाही. मांडवात भटजी घाई करू लागले, उन्हे चढली, नवरदेव पाटावर ताटकळला. “आत्या कुठाय?” भावाने मला विचारले. मी म्हणालो, “गाडीत जागा नव्हती.” त्याने दारातल्या माझ्या गाडीकडे पाहिले, तिच्या नव्या चाकांकडे पाहिले, आणि माझ्या पत्नीच्या हाती हळदीची वाटी दिली. पत्नीने रडत पहिली हळद लावली. पाहुण्यांना वाटले, पुतण्याच्या मायेने रडते आहे.

अक्का आली तेव्हा हळद संपून अंगणात पाणी ओतले होते. मी पुढे झालो. तिने माझ्याकडे पाहून विचारले, “झालं ना सारं नीट? बस मंग.” आणि बायकांत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी लग्नातही ती हसतमुख होती. घंगाळाचे तर तिने कौतुक केले: “चांगलं वजनदार हाय.”

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत. साहेबांच्या, पक्षकारांच्या, सोसायटीच्या. त्या प्रत्येकीला मी लेखी उत्तर दिले. अक्काने मला एक शब्द दिला असता तर मी त्याला धरून बसलो असतो, खोडला असता, मान्य केला असता. तिने काही दिलेच नाही. उत्तर देण्यासारखे माझ्या हाती काही नाही, म्हणून मी दुकानदाराला पत्रे लिहीत सुटलो. तो दोषी आहेच. मी त्याला सोडत नाही. पण त्याने अक्काला उतरवले नाही. रस्त्याने उतरवले नाही. तिला मी उतरवले, आणि त्याआधी परक्या माणसांसमोर तिला तोलले.

संक्रांतीपूर्वी मी जुनी पंधरा इंची चाके माळ्यावरून काढून पुन्हा बसवली आणि तिला आणायला हिवरा आश्रमाला गेलो. ती ओसरीवर हरभरा निवडत होती. मी म्हणालो, “अक्का, चाकं बदलली. आता घासत नाही.”

“चांगलं केलं,” ती म्हणाली.

“चल मग.”

“तू जाय, बाबू. मी एस्टीनं येते. आता बायांले अर्धं तिकीट हाय ना, कायले उगाच तुह्या गाडीले तरास.”

ती आली. एस्टीने आली, एस्टीने गेली. तेव्हापासून ती माझ्या गाडीत बसलेली नाही. स्टँडपर्यंतसुद्धा नाही, पिशवी मला उचलू देते आणि माझ्या गाडीशेजारून पायी चालत जाते. सूनबाई म्हणते, त्यांना खरेच एस्टी आवडते. मला कोर्टात इतकी वर्षे झाली. साक्षीदार कधी खरे बोलतो आणि कधी समोरच्याची लाज राखतो, ते मला कळते.

येत्या अक्षय तृतीयेला सगळी भावंडे खामगावला भावाच्या घरी जमणार आहोत. यादीतले वगळलेले नाव मी तिथे सर्वांसमोर वाचणार आहे, हळद का चुकली तेही सांगणार आहे, घंगाळासकट. जमल्यास जाताना त्या फाट्यावर थांबून टपरीवाल्यांनाही सांगेन, कारण अपमान तिथे झाला. त्यानंतर माझी एकच मागणी आहे, आणि ती माझ्या थोरल्या बहिणीकडे आहे. ‘सारं नीट झालं’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. अक्का, जेवणाच्या पंक्तीत, धाकट्यांच्या आणि सुनांच्या देखत, मोठ्याने सांग: त्या दिवशी बाकाच्या टोकाला बसून तू माझ्याविषयी मनात काय म्हणालीस? आणि परतताना माझ्या गाडीत बसणार की नाही? हो किंवा नाही. सर्वांसमोर.