तुरटीचे पोते

१९५८ च्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, पिंपरीतील एका कारखान्याच्या वसाहतीत सात मुले पोहण्याच्या तलावातून लाल डोळे चोळत बाहेर आली. दुपारी तलाव बंद झाला.

मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो; तलावाचे पाणी तपासण्याचे काम माझे होते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे आणि येणारा पिवळा रंग नमुन्याच्या काचांशी जुळवायचा. त्यावरून क्लोरीन कळे. त्या सकाळी रंग बरोबर होता. तरीही डोळे लाल झाले म्हणजे ब्लीचिंग पावडर जास्त पडली, असे धरून मी अहवालात तसे लिहिले. पावडर टाकणारा पंपावरचा गडी चाकणकडचा होता. तो हंगामी होता आणि त्याच महिन्यात कायम व्हायचा होता. वसाहतीची देखभाल पाहणाऱ्या इंजिनिअरसाहेबांनी अहवाल वाचला आणि शनिवारनंतर येऊ नकोस, असे त्याला सांगितले.

बुधवारी मी तीनदा तलावावर गेलो. गुरुवारी पुन्हा गेलो. दोन दिवस पावडर पडली नव्हती; उन्हाने क्लोरीन उडून नळीतला पिवळा रंग जवळजवळ गेला होता. मी तोंड बुडवून डोळे उघडले. आग झाली.

गडी काठावर उभा होता. पाणी इतके नितळ कसे, असे मी त्याला विचारले. गेल्या रविवारी पाहुणे यायचे होते, तळ दिसला पाहिजे असा इंजिनिअरसाहेबांचा हुकूम होता, म्हणून त्याआधी चार दिवस तुरटीचे पोते दोरीला बांधून काठाकाठाने ओढले, असे त्याने सांगितले.

"किती तुरटी?"

"तळ दिसस्तवर. हंड्यात फिरवताना कुनी मोजून घालतंय व्हय, साहेब?"

तुरटीने पाणी आंबट होते. हा आंबटपणा, म्हणजे आम्लता, पाहण्याच्या औषधाची बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात होती; तलावावर ती मी कधी नेली नव्हती. त्या दुपारी नेली. चांगल्या पाण्याला त्या औषधाने नळीत गुलाबी छटा यायला हवी होती. पाणी लिंबासारखे पिवळे झाले.

आमच्या प्रमुखांचे म्हणणे पडले की गेलेला अहवाल फिरवला तर प्रयोगशाळेचे हसे होईल.

"सोडा टाका आणि तलाव सुरू करा," ते म्हणाले. "गडी काय, दुसरा मिळेल, राव."

शुक्रवारी मी दुसरा अहवाल लिहिला. पावडर प्रमाणात होती; तुरटीबरोबर आंबटपणा मारायला धुण्याचा सोडा घालावा, ही सूचना प्रयोगशाळेने दिली नव्हती. प्रमुखांनी सही केली नाही. मी एकट्याच्या सहीने तो कागद इंजिनिअरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचून फाइलीत घातला.

शनिवारी गड्याने सोडा टाकला. संध्याकाळी नळीत फिकट गुलाबी रंग आला. सोमवारी तलाव उघडला. पुढच्या महिन्याच्या हजेरीपटावर गड्याचे नाव होते. कायम झालेल्यांच्या यादीत ते नव्हते.