सत्यशीलावैनीचे गोळीचे एकवीस दिवस

युसूफ वडगावात बाजाराच्या तोंडाला जी पिठाची गिरणी हाय ना, ती आमच्या हनुमानदादाची. दादा माघात गेला. गिरणीतच गेला, पोत्यावर बसल्या बसल्या. कुणाची तरी जवारी अर्धी दळून झालती, अर्धी तशीच ऱ्हायलती. ज्याची जवारी व्हती त्यो माणूस ती न्यायला परत आलाच न्हाई. लाजला आसंल, न्हाईतर भ्याला आसंल.

दादाच्या मागं गिरणी सत्यशीलावैनीनं चालू ठिवली. दादा व्हता तवा ती दळण जोखायची, पीठ भरायची. बटन दाबायचं आन् मोटरीचा पट्टा चढवायचं काम दादाचं. तेरावा झाला, दुसऱ्या दिवशी ती उठली, पदर खोचला आन् बटन दाबलं. गाव म्हणलं, बाई लई धीराची. धीर कसला आलाय. घरात बसलं की भिंती खायला उठायच्या, म्हणून ती गिरणीत जाऊन बसायची, यवडंच.

पैले चार-पाच महिने निभले. मग आखाडात एक दिवस पट्टा फिराया लागला आन् त्याच्यासंगं तिच्या छातीत बी धडधड सुरू झाली. पट्टा बंद केला तरी छातीतलं बंद व्हईना. हाताला मुंग्या, घसा आवळलेला, डोळ्यापुढं काळं. तिला वाटलं, झालं, ह्यांच्यासारखंच. ह्याच पोत्यावर. केजला जाऊन दोनदा छातीची पट्टी काढली, ईसीजी म्हणत्यात ती. दोन्ही बारीला चांगली. तरी आठवड्यातून तीनदा, चारदा त्यो झटका यायचाच. पुढं पुढं बटनाजवळ जायचीच भीती बसली. गिऱ्हाइकं डबे ठिऊन वाट बघायची आन् ही नुसती पदराला हात पुसत उभी.

धाकटा दीर गहिनीनाथ माणूस वाईट न्हाई. पण त्याचं एकच म्हणणं.

"वैनी, तुमच्यानं व्हत न्हाई. पाली गावचा एकजण गिरणी चालवाया घेतो म्हणतोय. देऊन टाकू. त्या पोत्यावर एक माणूस गेलाय आपला, दुसरं मला बघायचं न्हाई."

"आन् मी दिवसभर काय करू, भावजी? भिंतीकडं बघत बसू?"

"मग नीट इलाज तर करा. महिनाभर थांबतो. त्याच्यावर न्हाई."

वैष्णवी म्हंजी वैनीची पोरगी, बारावीला हाय. तीच आईला एस्टीनं आंबाजोगाईला घेऊन गेली. तिथला डॉक्टर पोरसवदाच व्हता पण ऐकून घेणारा. म्हणला, "काकू, काळीज तुमचं दणकट हाय. ही घबराट हाय. तिचा बी आजारच असतो आन् तिला बी गोळी असते." आठ दिवस अर्धी, मग पूर्ण. सकाळी नाश्ता करून. आन् दोनदा बजावलं, "पैले पंधरा-वीस दिवस ही गोळी फायदा दावणार न्हाई, तरासच दावंल. मळमळंल, तोंड सुकंल, झोप बिघडंल, धडधड उलट वाढल्यासारखी वाटंल. घाबरायचं न्हाई, मधीच सोडायची न्हाई. लई झालं तर ह्या नंबरवर फोन करा. एकवीस दिवसांनी दावायला या."

डॉक्टर बोलला त्यातलं एक बी खोटं निघालं न्हाई.

दुसऱ्याच दिवशी मळमळ सुरू झाली. जल्म पिठात गेलेल्या बाईला पिठाचाच वास सोसंना. तोंड आसं सुकायचं की जीभ टाळूला चिटकून बसायची. घाम यायचा, त्याच्यावर पीठ उडायचं, मानंवर नुसती कणीक. हात थरथरायचे, म्हणून जोखताना काटा एका जागी ठरायचा न्हाई. बटन कसंबसं दाबायची आन् धडधड बसूस्तोवर दारात पळायची. आन् जांभया. एक झाली की दुसरी, जबडा दुखूस्तोवर.

शेजारची समिना डबा घेऊन आली, तिचा नवरा जाकीर बाजारात फळं इकतो. ती म्हणली, "भाभी, रातीला चोऱ्या करायला जाताव काय? कवा बगावं तवा जांभया!"

"जाते की. तुझ्या नवऱ्याच्या गाड्यावरली केळं चोरते."

समिना हसली. वैनी बी हसली, पण हसताना बी तिला जांभईच आली.

पाचव्या दिवशी तिनं गोळीची पट्टी वैष्णवीच्या हातात दिली. "घे बाई. आधी आठवड्यातून तीनदा मरत व्हते, आता रोज मरायले."

"मम्मे, डॉक्टरनं सांगितलं का न्हाई? पंधरा-वीस दिवस म्हणलेत."

"त्याला काय, त्यो सांगून मोकळा."

"सोड मग. दे गिरणी पालीवाल्याला."

पोरगी बापावर गेलेली, बोलायला तिखट. वैनीनं पट्टी परत घेतली.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी अर्धीची पूर्ण गोळी सुरू झाली आन् नेमकी त्या दिवशी दशमी. दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणून उपासवाल्या बायांची भगर दळायची गर्दी. आता उपासाच्या दळणाची एक रीत हाय. आधी गिरणी झाडून घ्यायची, दगडावरचं जवारी-बाजरीचं पीठ काढायचं, मग मूठभर भगर टाकून ते पैलं पीठ कोंबड्यांला घालायचं आन् मग खरं दळण. न्हाईतर भगरीत धान्य मिसळतं आन् खाणाऱ्याचा उपास मोडतो. दादा ह्याच्यात लई कडक व्हता. दशमीला दुपारनंतर धान्याचा डबा आला तर दाराबाहीरच ठिवायचा.

त्या दिवशी वैनीचं डोकं म्हंजी भिजलेलं पोतं. जवारीचा डबा उतरला, जांभई आली, डोळं पुसलं आन् साखराबाईची भगर तशीच वर ओतली. गिरणी झाडली न्हाई, काय न्हाई. भगरीचं पीठ बी पांढरं, जवारीचं बी पांढरं. साखराबाईची सून डबा घेऊन गेली. पुढचा भगरीचा डबा हातात घेतला तवा वैनीला आठवलं. काळजात धस्स झालं. हे गोळीचं का खरंच, तिला कळंना.

साखराबाई म्हंजी चाळीस वर्सांची एकादशी. गावात तिच्या उपासाची शपथ घेत्यात.

कुणालाच कळलं नसतं. वैनीनं पुढची सगळी दळणं गिरणी झाडून केली, घरी गेली, दुसऱ्या दिवशी दुपारपतोर गप ऱ्हायली. मग मातर तिला बसवंना. गिरणीला कडी घातली आन् साखराबाईच्या दारात जाऊन उभी ऱ्हायली. म्हातारी ताटावर बसलेली.

"मावशे, थांबा. खाऊ नका ते."

"आता कावून? एक धपाटं खाऊन झालं, दुसरं हातात हाय."

"त्यात जवारी मिसळलीया. मी गिरणी न झाडता तुमची भगर टाकली काल."

म्हातारीनं हातातला घास ताटात ठिवला. मग तोंड सुटलं तिचं. "अगं भवाने! नवरा मेला त्या दिवशी एकादशी व्हती. माणसं मयताच्या घरी देत्यात त्यो कडू घास घेऊन आली, त्यातला बी मी खाल्ला न्हाई, भगरच खाल्ली. यमाला मोडता आली न्हाई माझी एकादशी आन् तू मोडलीस व्हय!"

चुलीपासून सून म्हणली, "आत्याबाई, आता मोडलीच हाय तर भात टाकू का?"

"तू गप बस! आन् तू, सत्यशीले, गप ऱ्हायली असतीस तर काय बिघडलं असतं? मला तर कळलं बी नसतं. सांगायला कावून आलीस?"

"बसवंना, मावशे."

"नजर कुठं व्हती तुजी?"

वैनी उंबऱ्यावरच खाली बसली. इतके दिवस घराबाहीर कुणालाच सांगितलं नव्हतं ते बोलली. "गोळ्या चालू हायत. डोकं जड ऱ्हातंय, ध्यान ऱ्हात न्हाई."

"कसल्या गोळ्या?"

"घबराटीच्या."

"म्हंजी येड्याच्या?"

"डॉक्टर घबराटीच्या म्हणला."

म्हातारीनं तिला वरपासून खालपतोर बघितलं. "कशावर घेतीस?"

"सकाळच्या चहावर."

"आन् जेवतीस कवा?"

"दोन वाजता. दळणं सरली की."

खरी गोष्ट आशी का, दादा असताना सकाळी सातला दोघं गिरणीतच भाकर खायची. एका फडक्यावर, मधी ठेचा. त्यो गेल्यापासून सकाळचा घास तिच्या घशाखाली उतरतच न्हाई. वैष्णवीला डबा करून द्यायची आन् आपण नुसता चहा. डॉक्टरनं नाश्ता म्हणलं तवा तिनं चहालाच नाश्ता धरलं, ह्यात काय चूक हाय आसं तिच्या ध्यानात बी आलं न्हाई.

"आगं, बीपीची गोळी मी एकादशीला बी उपाशी घेत न्हाई," साखराबाई म्हणली. "तू गोळीनं येडी झाली न्हाईस, तू आधीचीच हायस." मग उठली, डब्यातलं उरलेलं पीठ पिशवीत ओतलं आन् पिशवी वैनीच्या मांडीवर आदळली. "हे मला उपासाला चालत न्हाई आन् बाकीच्या दिवशी मी भगर खात न्हाई. घिऊन जा. रोज सकाळी ह्याचं धपाटं करायचं, खायचं, मग गोळी. आन् ऊठ आता, माझ्या दारात रडू नको. एकादशी हाय."

वैष्णवीनं त्याच दिवशी डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणला, पूर्ण गोळी झेपंना तर आणखी आठ दिवस अर्धीच घ्या, पण पोट भरून घ्या, आन् झोप यायली आसंल तर पट्ट्याजवळ हात न्यायचा न्हाई.

सांजपतोर साखराबाईनं सगळ्या आळीला सांगून टाकलं. पोटात ठिवायची बाई न्हाई ती. दुसऱ्या दिवशी बाया डबे घेऊन आल्या त्या दळण परत नेण्याआधी झाकण काढून पीठ बोटावर घेऊन बघायल्या. "माझ्या गव्हात बाजरी तर न्हाई ना घातली?" चार घरांनी दुसरी गिरणी धरली. वैनी आपली दळणं जोखत ऱ्हायली. भांडायला अंगात जीवच नव्हता.

गहिनीनाथ आला त्यो तापूनच. "वैनी, गोळ्या बंद करा न्हाईतर गिरणी बंद करा. दोन्ही व्हणार न्हाई. गावात हसं झालं."

"गोळी सोडली तर बटन दाबवत न्हाई, भावजी. गोळी घेतली तर भगरीत जवारी पडती. मला काय कळत न्हाई का? पण महिना दिलाव ना? अजून महिना व्हायचाय."

"आन् पट्ट्यात हात गेला म्हंजी?"

"तर पट्टा तुमी चढवा की. सकाळी तेवढं येत जावा."

गहिनीनाथ चिडूनच गेला. पण सकाळी आला. पट्टा चढवला आन् गेला. रोज आला तसाच.

धपाट्याचा पैला घास वैनीनं चहाच्या घोटानं ढकलला. एकटीनं खायचं म्हंजी लई अवघड गेलं. दादाची जागा समोर, फडकं मधी. अर्धं खाल्लं, अर्धं कोंबड्यांला घातलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पूर्ण खाल्लं. मळमळ कमी झाली, गेली न्हाई. जांभया ऱ्हायल्या. झोप पहाटे तुटायची ती तुटायचीच. सोळाव्या-सतराव्या दिवशी तिला कळलं का सकाळपासून छातीकडं ध्यानच गेलं न्हाई. त्या कळण्यानंच परत धडधड सुरू झाली. पण थोडीच.

विसाव्या दिवशी गहिनीनाथ पालीच्या माणसाला संगं घेऊन आला. महिना पुरा व्हायच्या आधीच. नुसतं बघू दे म्हणला. माणसानं मोटर बघितली, दगड बघितला, म्हणला, "जरा चालू करून दावा."

गहिनीनाथ बटनाकडं निघाला. वैनी म्हणली, "थांबा, भावजी." तिनं हात पुसले आन् बटन दाबलं. पट्टा फिराया लागला. छातीत धडधड आली, हाताला मुंग्या आल्या, पोत्याकडं डोळं गेलं. ती भिंतीला हात लावून उभी ऱ्हायली. पळाली न्हाई, बटन बंद केलं न्हाई. किती येळ झाला कुणाला ठावं. हळूहळू धडधड खाली बसली. सगळी न्हाई, पण उभं ऱ्हाता येईल इतकी.

"चांगली हाय की गिरणी," माणूस म्हणला.

"चांगलीच हाय. चहा घेऊन जावा. पण द्यायची न्हाई."

गहिनीनाथ म्हणला, "आन् उपासाचं दळण?"

"ते जाऊ द्या दुसऱ्या गिरणीवर. दशमीला मी बंदच ठेवणार. माझा मलाच अजून भरवसा न्हाई. उद्या डॉक्टरकडं चाललेय, त्यो पुढचं काय सांगंल ते बघू. पट्टा मातर अजून थोडे दिवस तुमीच चढवा."

चहा झाल्यावर गहिनीनाथ त्या माणसाला गाडीवर घेऊन स्टँडला सोडायला गेला. सत्यशीलावैनीनं पुढचा डबा घेतला. आधी झाकण काढून नीट बघितलं, बाजरी हाय का जवारी, आन् मग ओतली.