इथे फक्त हवेचं काम होईल

गफूरचाचा पेटी दातांनी ऐकायचे. यात अलंकार काही नाही. कुणाची हार्मोनियम दुरुस्तीला आली की ते शिसपेन्सिलीचं एक टोक दाताखाली धरत, दुसरं पेटीच्या लाकडाला टेकवत, डोळे मिटत आणि भाता हळूहळू हलवत. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग पेन्सिल तोंडातून काढून निकाल: "तिसऱ्या पट्टीखाली गळती हाय. कान धोका देतात बघा. दात इमानदार."

नांदेडच्या इतवाऱ्यात, बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. त्यात दोन माणसं बसली तर तिसऱ्यानं पाय बाहेर ठेवायचे. गुरुद्वाऱ्यात कीर्तन गाणारे रागी, भजनी मंडळं, कव्वाल, सगळ्यांच्या पेट्या तिथं यायच्या. एका एप्रिलात मी गेलो. मी कॉम्प्युटर घेऊन गेलो होतो.

दोष माझा नव्हता, मराठी भाषेचा होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि उरलेल्या वेळात नाटकं करतो, किंवा आमच्या प्राचार्यांच्या मते उलटं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी रडगाणं गात होतो की माझी छोटी पेटी गरम होऊन बंद पडते. आमचे शिपाई माधवराव भजनात मृदंग वाजवतात. ते म्हणाले, "गफूरचाचाकडं न्या सर. पेटीचा असा डॉक्टर दुसरा न्हाई." मी समजलो कॉम्प्युटरवाला. पिशवी उचलली आणि गेलो.

"किती सप्तकांची?" चाचांनी मान वर न करता विचारलं.

"सोळा जीबी."

त्यांनी मान डोलावली. ते कशालाही मान डोलावत. त्याचं कारण मला नंतर कळलं. "बनावट कुठली?"

"मीच जोडली."

आता मात्र त्यांनी वर पाहिलं. पन्नाशीचा, टक्कल पडलेला मास्तर घरी पेटी बनवतो म्हटल्यावर त्यांच्या नजरेत आदर दिसला. तो आदर मी पिशवीची चेन उघडेपर्यंत टिकला. आतला काळा पत्र्याचा डबा त्यांनी चारी बाजूंनी फिरवून पाहिला, झाकणाच्या भोकांतून आत डोकावले आणि विचारलं, "यात भाता कुठाय?"

मी पंखा दाखवला.

"हौ. मग माझ्याच कामाचं हाय. बसा."

त्या डब्याची कथा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्या नाटकात गोदावरीच्या एका नावाड्याची गोष्ट होती आणि आजवर गोदावरी आम्ही रंगवलेल्या पडद्यांवर दाखवत होतो. बसच्या टपावर त्या बारा वळकट्या चढवता चढवता आमच्या कंबरा गेल्या. मग मी जाहीर केलं की यापुढं मागं मोठा स्क्रीन असेल, त्यावर खरीखुरी वाहणारी नदी असेल आणि ती नदी माझ्या पिशवीतून येईल. पुण्याच्या भाच्यानं आपलं जुनं ग्राफिक्स कार्ड पाठवलं होतं. ते लॅपटॉपात मावणारं नव्हतं, म्हणून शाळेच्या दप्तराएवढं कॅबिनेट मागवलं. प्रोसेसर सर्वांत तापट घेतला, कारण दुकानदार म्हणाला तो सर्वांत जोरकस आहे. त्यावर थंड करायचा कूलर घेतला तो इतका उंच की झाकण बोटभर वर राहिलं. तो परत करून एक बुटका, चपटा आणला. पंखे दोन लावले, दोन्ही आत हवा ओढणारे. गरम झालंय ना, मग आत भरपूर हवा पाहिजे, हा माझा सिद्धान्त.

नाटक सव्वा तासाचं. डबा वीस मिनिटांत तापून मान टाकायचा. पूर चाळिसाव्या मिनिटाला येणार. म्हणजे पुराआधीच नदी आटायची. जुने पडदे मी मोठ्या दिमाखात शिरूर अनंतपाळच्या एका शाळेला देऊन टाकले होते आणि मे महिन्यात लातूरला, भर दुपारी, कापडी मंडपात प्रयोग ठरला होता. मंडळींनी सौम्य शब्दांत कळवलं होतं की तिथं डबा बंद पडला तर हे नाटक मी बसवलेलं शेवटचं. माझी बायको अंजली नाटकात नावाड्याची बायको होती. ती डब्याला कुकर म्हणायची. "शिट्टी किती वाजता होणार ते सांगून ठेवा, म्हणजे मी तेवढ्यात रडून घेते."

चाचांनी पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी घेतली, डबा चालू करायला लावला आणि पट्टी एकेका भोकासमोर धरत गेले. इथं कागद आत ओढला गेला. तिथंही आत. जिथं तिथं आतच. फटींपाशी मात्र गोंधळल्यासारखा फडफडला.

"आत यायला दोन दरवाजे, भायेर जायला एक न्हाई," ते म्हणाले. "सर, हा काय लग्नाचा मंडप हाय का?"

"पण चाचा, गरम हवा आपोआप वर जाते की."

"तिला सांगितलं का तुम्ही वर कुठून जायाचं?"

गरम हवा वर जाते हे मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. वर झाकण असलं तर काय, हे एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस मी कॉलेज सुटलं की इतवाऱ्यात. वरचा पंखा उलटा बसवला, हवा बाहेर फेकणारा. मग चाचांना खरी खोट सापडली. कूलरचा पंखा आणि बाजूची जाळी यांच्यात बोटभर पोकळी होती, आणि त्या पोकळीतून पंखा बाहेरची थंड हवा घेण्याऐवजी डब्यातलीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा पीत होता. "आपलंच उष्टं खाऊन राहिला हा," असं म्हणत त्यांनी पेटीच्या पट्ट्यांखाली घालतात ती लाल, लोकरी बनात काढली, तिचं गोल कडं कापून पोकळी बुजवली. तपमान एका झटक्यात पंधरा अंशांनी उतरलं. मी आकडा ओरडून सांगितला. ते म्हणाले, "आकडा तुमच्याजवळ ठेवा," आणि वरच्या जाळीवर तळहात धरून समाधानानं मान हलवली.

प्रोसेसरचा जोर कमी करता येतो, हे भाच्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मला ते अपमानास्पद वाटलं होतं. एवढा जोरकस घेतला तो हळू चालवायला? चाचांनी जवळची पेटी ओढली, एक पट्टी दाबली आणि भाता जिवाच्या आकांतानं मारला. बोळातली कुत्री उठली.

"जोर लावला म्हणून 'सा'चा 'रे' झाला का? नुस्ता कल्ला झाला. जितकी लागती तितकीच हवा द्या."

मी जोर कमी केला. नदी तशीच वाहिली. डबा दीड तास चालला.

मग रंगीत तालीम झाली. नाटकात एक जागा आहे: नवरा पुरात गेलाय आणि अंजली काठावर उभी राहून नुसती नदीकडं बघते. संवाद नाही, संगीत नाही. मी विंगेत, डबा स्टुलावर आणि शेजारी चाचा, पाहुणे म्हणून इस्त्रीचा कुर्ता घालून. त्या शांततेत आमचा डबा पीठ दळत होता. ग्राफिक्स कार्डाची घरघर आणि तिच्यावर पंख्याची बारीक, कानात सुई घातल्यासारखी शीळ.

अंजली काठावरूनच वळली. "गिरणी बंद करा, मग मी रडते."

सगळे हसले. चाचाही हसले, आणि डब्यावर थाप मारून मला म्हणाले, "कसा चूपचाप चालून राहिला, बघा."

हसणारे थांबले. चाचांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग अंजलीच्या, मग डब्याकडं. हळूच वाकून त्यांनी डब्याला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग टोपी सारखी केली, "चलतो सर," म्हणाले आणि गेले.

दोन दिवस दुकान बंद. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. चाची दारात म्हणाल्या, "जरा जोरानं बोला, आता लपवायचं राहिलं काय?" चाचा खाटेवर बसले होते. वर्षभरात तीन पेट्या परत आल्या होत्या, सूर लागला नाही म्हणून. बारीक आवाज आधी गेले, मग माणसांचे शब्द गेले. पेन्सिल दाताखाली धरायची सवय वस्तादाकडून शिकलेली खरी, पण आता ती चैन राहिली नव्हती, तीच आधार होती. चाळीस वर्षं ज्यांनी गावाचे सूर लावले, त्यांना स्वतःच्या हाताखालची शीळ ऐकू आली नव्हती, आणि ती सगळ्यांदेखत.

"लोकांना कळलं तर दुकान उघडून काय करू?" ते म्हणाले.

समजूत घालायला मला येत नाही. नाटकातले संवाद पाठ आहेत, पण त्यातला एकही तिथं शोभला नसता. मी मोठ्यांदा एवढंच म्हणालो, "चाचा, प्रयोग सहा दिवसांवर आलाय आणि डबा शीळ घालतोय. ऐकायला मी आहे. बोट कुठं ठेवायचं ते मला कळत नाही."

त्यांनी खाटेच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आणा."

आम्ही असं काम केलं: मी डोळे मिटून बसायचो आणि शीळ वाढली की बोट वर, कमी झाली की खाली. चाचा दाताखाली पेन्सिल धरून डब्याच्या एकेका कोपऱ्याला टेकवायचे. पत्र्याची थरथर त्यांना माझ्या आधी कळायची. पंख्याच्या स्क्रूखाली त्यांनी भात्याच्या चामड्याच्या चकत्या घातल्या. वरचा पंखा जाळीला फार चिकटला होता, म्हणून बनातीचा एक थर देऊन त्याला मागं घेतलं. आता हवेची गळती नव्हती, त्यामुळं पंखे हळू फिरवले तरी चालत होतं. पाचव्या दिवशी माझं बोट मांडीवरून उठलंच नाही.

"काय, झोपले का सर?" चाचांनी विचारलं.

लातूरला चाचा बसमध्ये डबा मांडीवर घेऊन आले. ऊन असं की रेणापूरच्या पुढं बसच्या दांड्याला हात लावता येईना. मंडपात संयोजकांनी प्रेमानं डब्यावर टाकायला ओला टॉवेल आणला. चाचांनी तो आपल्या मानेवर घातला आणि म्हणाले, "याला नक्को. मला चालतंय."

नाटक सुरू झालं. मी की-बोर्डाशी, चाचा शेजारी वरच्या जाळीवर तळहात धरून. वीस मिनिटं झाली. पंचवीस. चाळिसाव्या मिनिटाला मी पूर सोडला, स्क्रीनवर पाणी उसळलं, आणि चाचा माझ्या कानाशी पुटपुटले, "आला वाटतं पूर."

स्क्रीन त्यांना विंगेतून दिसत नव्हता. पुराचं दृश्य जड, त्यात कार्ड तापायचं आणि हवा गरम व्हायची. माणूस तळहातानं नाटक बघत होता. मग पूर ओसरला. अंजली काठावर येऊन उभी राहिली. सगळा मंडप गप्प, मागं कुणीतरी एकदा खोकलं तेवढंच. चाचांनी हात जाळीवरून न हलवता मला खूण केली: थंड.

प्रयोग संपल्यावर लोक अंजलीभोवती जमले. ती त्यांच्यातून वाट काढत विंगेत आली आणि चाचांच्या पुढ्यात उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, "चाचा, कसं झालं माझं काम?"

"ताई, तुम्ही उभ्या होत्या तवा लई गार हवा आली," चाचा म्हणाले. "बाकी लोकांना इचारा."

नांदेडला परतल्यावर त्यांनी दुकानावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: 'इथे फक्त हवेचं काम होईल.' खाली बारीक अक्षरात: 'सूर दुसरीकडे लावून घ्यावेत.' भाते, चामडं, गळत्या एवढंच घेऊ लागले. कारण विचारणाऱ्याला सांगत, "कान गेले. हात हायेत." एकही जुनं गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट घरातले कूलर घेऊन लोक येऊ लागले, आणि माझ्यामुळं दोनचार डबेवाले.

मागच्या हिवाळ्यात ते खाटेला खिळले. आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. एका दुपारी मी डबा घेऊन गेलो, घरातल्या टीव्हीला जोडला आणि उशाशी ठेवला. त्यांनी न सांगता तळहात जाळीवर धरला. मी नाटक पहिल्यापासून लावलं आणि सगळ्यांची कामं एकट्यानं केली, नावाड्याचं, सावकाराचं, अंजलीचंसुद्धा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मी एवढा घसा कधी ताणला नव्हता. चाची पदर तोंडाला लावून हसत होत्या. चाचांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपले.

पूर सोडला तेव्हा त्यांची बोटं हलली. "आला," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "थंडीत बरं लागून राहिलं. ऱ्हाऊ द्या जरा."

म्हणून मी पूर तसाच चालू ठेवला. आमच्या कुठल्याही प्रयोगात नदी एवढा वेळ चढलेली नव्हती. आतली लाल बनात तपमान धरून होती, पंखे कुजबुजत होते. चाचांच्या हाताला ऊब येईपर्यंत मी पाणी उतरवलं नाही. मग उतरवलं, काठ रिकामा केला, आणि अंजलीच्या जागी मीच गप्प उभा राहिलो.

हवा गार झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"पडदा टाका आता सर," ते म्हणाले. "ताई उभ्या हायेत कधीच्या."